गाभाऱ्यात तांदळा, मग भिंतीवरचे अमूर्त का नको? देवस्थानच्या विश्वस्त मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व विश्वस्त,
ग्रामदेवी देवस्थान

सप्रेम नमस्कार.

भक्तनिवासाच्या सभागृहात लावलेली आमच्या चित्रकलेच्या सरांची पाचही अमूर्त चित्रे तुम्ही चैत्राच्या यात्रेआधी उतरवलीत. त्या जागी देवीची छापील फ्लेक्स लावायची, असा ठराव झाल्याचे सूचनाफलकावर वाचले. कारण एका ओळीत दिले आहे: चित्रांमध्ये देव दिसत नसल्याने भाविकांची गैरसोय होते. ही ओळ मला मान्य नाही. मंडळाकडे दोनदा लेखी विचारणा केली, उत्तर आले नाही, म्हणून आता चारचौघांत लिहिते आहे. तुमच्यापैकी बहुतेकांना काका, दादा म्हणत मी या गावात वाढले. त्यामुळे शब्दांची मर्यादा सुटणार नाही, पण म्हणणेही मऊ करणार नाही.

माझा संबंध आधी सांगते. सर आमच्या हायस्कुलात चित्रकला शिकवत. चित्रकार शंकर पळशीकर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवत होते त्या काळात सर तिथे शिकले आणि नोकरीसाठी गावी परतले. ही चित्रे त्यांनी सेवानिवृत्तीच्या आसपास केली, तेव्हा मी शाळेत होते. कॅनव्हास ताणून खिळे ठोकणे, प्रायमरचे हात देणे, पॉलिश पेपरने पृष्ठभाग घासणे ही कामे आम्ही मुले करत असू. सरांनी देवस्थानाकडून मानधन घेतले नाही, रंगांचे पैसेही घेतले नाहीत. आज मी स्वतः चित्रकला शिकवते, ती त्यांच्या हाताखाली शिकले म्हणून. सर आता नाहीत. त्यांच्या घरच्यांना चित्रे उतरवल्याचे गावाकडून आलेल्या कुणा पाहुण्याकडून कळले. मंडळाकडून एक फोनही गेला नाही, आणि ही माझी पहिली तक्रार आहे.

आता तुमच्या कारणाकडे येते. देव दिसत नाही, असे आपण ज्या देवळात बसून म्हणतो आहोत, त्याच्या गाभाऱ्यात काय आहे? तांदळा आहे. पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर चढत गेलेला एक पाषाण. त्याला नाक नाही, डोळे नाहीत, हात-आयुधे नाहीत. दिवसा मुखवटा असतो, नथ असते, शालू असतो. पण पहाटे अभिषेकाच्या वेळी मुखवटा उतरलेला असतो, तेव्हा समोर फक्त एक शेंदरी उंचवटा उरतो आणि सगळे गाव त्यालाच आई म्हणते. मला आठवते तसे, जुनी माणसे मुद्दाम त्याच वेळेला दर्शनाला येत.

हे आपल्याच गावचे वैशिष्ट्य आहे असेही नाही. बांधावरचा म्हसोबा, वेशीवरची मरीआई, पाण्याकाठच्या साती आसरा हे सगळे दगड आहेत. पूजेला बसताना आपण गणपती म्हणून सुपारी मांडतो. ज्या घरांत पंचायतन, म्हणजे पाच देवांची पूजा आहे तिथे विष्णू म्हणजे शाळिग्राम, शंकर म्हणजे बाण, गणपती म्हणजे तांबडा शोणभद्र, हे सगळे नुसते गोटे. नवरात्रात घट बसतो तेव्हा मातीचा घट हीच देवी असते. ज्ञानेश्वरीच्या अगदी आरंभी ज्ञानदेवांनी गणपती उभा केला तो ओंकाराच्या तीन मात्रांतून: अकार हे दोन पाय, उकार हे विशाल उदर, मकार हे मस्तक. म्हणजे सातशेहून अधिक वर्षांपूर्वी मराठीतल्या सर्वांत मोठ्या कवीने देवाचे चित्र काढले ते नादाचे. ज्या समाजाची नजर इतकी तयार आहे, त्या समाजाला रंगाच्या फलकासमोर उभे राहता येणार नाही, हे मंडळाने कोणाला विचारून ठरवले?

उलट छापील देवीची गोष्ट पाहा. लक्ष्मी-सरस्वतीचे जे रूप आज आपल्याला अनादी वाटते, ते घराघरांत पोहोचले राजा रविवर्म्यांच्या छापखान्यातून. तो छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. ती चित्रे सुंदर आहेत. मंदिरात शिरायची ज्यांना मुभा नव्हती त्यांच्या भिंतीवरही त्यांनी देव नेऊन ठेवला, हे मोठे काम होते. मूर्तिचित्राविरुद्ध माझे काहीही म्हणणे नाही. मी स्वतः देवीचे मुखवटे रंगवते. पण चेहरा, साडी, दागिने असलेले छापील चित्र म्हणजेच खरा देव आणि बाकी सगळे गैरसोयीचे, ही समजूत सव्वाशे-दीडशे वर्षांपलीकडची नाही. तांदळा त्याच्या कितीतरी आधीचा आहे.

अजिंठ्याला आपल्या गावची सहल दरवर्षी जाते. ९ आणि १० क्रमांकाच्या लेण्यांत मधोमध स्तूप आहे; त्यावर बुद्धाची आकृती नाही. त्याच डोंगरात १९ आणि २६ क्रमांकाच्या लेण्यांत स्तूपावरच बुद्ध कोरलेला आहे. मधे काही शतके गेली, उपासनेची रीत बदलली, जुन्या लेण्यांच्या खांबांवरही पुढे बुद्धाच्या आकृती रंगवल्या गेल्या. पण साधा स्तूप फोडून तिथे मूर्ती बसवावी असे कुणी केले नाही. दोन्ही राहिले. हीच अपेक्षा मी तुमच्याकडून करते आहे.

सरांच्या चित्रांत काय होते ते आता लिहायलाच हवे, कारण ठरावात त्यांचा उल्लेख ‘रंगकाम’ असा आहे.

आपण रंगावरून देव ओळखणारी माणसे आहोत. कपाळावर काळा बुक्का दिसला की माणूस पंढरपूरहून आला, अंगावर भंडारा दिसला की जेजुरीहून, गुलालाने माखलेला दिसला की जोतिबाच्या डोंगरावरून. कुणाला विचारावे लागत नाही. सरांनी एवढेच धरले आणि त्यावर वर्षानुवर्षे काम केले. पहिला फलक शेंदराचा. जवळून पाहिला तर त्यात केशरी, तांबडा, विटकरी असे अनेक थर दिसतात. मधोमध रंग किंचित जाड होत जातो आणि फुगवटा जाणवतो, पण कडा कुठेच सापडत नाही. अभिषेकाच्या वेळचा तांदळा आठवा. दुसरा फलक भंडाऱ्याचा पिवळा, त्यात वरून खाली उधळण उतरत येते. तिसरा बुक्क्याचा काळा आणि त्यात एकच उभी, फिकट रेघ. ती रेघ विठोबाची, समईची ज्योत की मनुष्याच्या कण्याची, यावर शाळेत आमचे वाद होत. सर ऐकून घेत, निवाडा देत नसत. चौथा हिरवा, त्यात खाली टोक असलेला त्रिकोण, म्हणजे देवीचे चिन्ह, जे श्रीयंत्राच्या नऊ त्रिकोणांपैकी पाचांत आहे. पाचवा जवळजवळ पांढरा, राखेच्या छटेचा, आणि त्यात कुंकवाचा एक ठिपका. त्यालाच मंडळातल्या कुणीतरी ‘कोरा राहिलेला’ म्हटल्याचे ऐकले.

माझी आजी शाळेत गेलेली नव्हती. दर मंगळवारी देवीचे दर्शन झाले की ती भक्तनिवासात पाणी प्यायला यायची, शेंदरी चित्राच्या चौकटीला बोटे लावून ती कपाळाला टेकवायची आणि निघायची. तिला सरांनी काही समजावून सांगितले नव्हते. तिच्यासारख्या कितीतरी बायका तसे करत. त्या चौकटीची खालची कड हात लागून लागून गुळगुळीत झाली आहे. ती लाकडी कड आजही तुमच्या ताब्यात आहे. जाऊन पाहा आणि मग गैरसोयीबद्दल बोला.

दुसरी तक्रार लिहिताना मला वाईट वाटते आहे, पण गाळणार नाही. हिरव्या चित्रावर वेगळा आक्षेप घेतला गेला. मोबाईलवर त्याचा फोटो फिरवून, हा रंग ‘आपल्या’ देवळात कसा, असे विचारले गेले, आणि मंडळ गप्प राहिले. देवीची ओटी कोणत्या खणाने भरतो आपण? नवरीच्या हातात चुडा कोणत्या रंगाचा भरतो? घटाभोवती नवव्या दिवशी जे उगवून येते त्याचा रंग कोणता? हिरवा हा आईचा रंग आहे हे गावातली कोणतीही बाई सांगेल. तो दुसऱ्या कुणाचा असेल तर त्यांचाही असो. एका रंगावरून गावात संशय पेरला जात असताना ज्यांनी बोलायला हवे होते त्यांनी चित्र उतरवून संशयाला मान दिला. हे मला सर्वांत जास्त लागले आहे.

सभेत असेही म्हटले गेले म्हणे, की हे मॉडर्न आर्ट परदेशी फॅड आहे, त्याचा अध्यात्माशी काय संबंध. या मुद्द्यावर मला थोडे थांबून बोलू द्या, कारण इथे अज्ञान आपल्याच माणसांबद्दल आहे.

अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे नागपुरात १९२४ साली जन्मले, घराणे गोव्याचे. १९४८ साली जे. जे.मधून शिकून बाहेर पडले. ते झेन या बौद्ध ध्यानपंथाचे वाचन करत, आणि मुंबईच्या खेतवाडीत राहून बिडीचे दुकान चालवणाऱ्या निसर्गदत्त महाराजांकडेही जात. रोलरने रंग पसरायचा, सुरीने खरवडायचा, थर मुरू द्यायचा, आणि खूप वेळ नुसते बसून पाहायचे, अशी त्यांची रीत. वर्षभरात मोजकीच चित्रे होत. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले. त्या चित्रांत ओळखीची एकही वस्तू नाही, आणि तरीही त्यांच्यासमोर आवाज आपोआप खाली येतो. नागावचे चित्रकार प्रभाकर बरवे विणकर सेवा केंद्राच्या नोकरीत काही वर्षे बनारसला होते. तिथे पाहिलेली तंत्रसाधनेतली चिन्हे त्यांच्या सुरुवातीच्या चित्रांत आली. स्वतः पळशीकर, ज्यांच्याकडून सरांना हे सगळे मिळाले, तंत्रातल्या आकृतींकडे वळले ते याच मातीतून.

आणि चित्रकार सय्यद हैदर रझा. मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यात जन्म १९२२ चा, शिक्षण आधी नागपूरच्या कलाशाळेत, मग जे. जे.त, १९५० साली फ्रान्सला गेले आणि जवळजवळ साठ वर्षे तिथे राहिले. लहानपणी वर्गात लक्ष लागत नाही म्हणून गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याकडे बघत बसायला सांगितले, ही आठवण ते म्हातारपणापर्यंत सांगत. त्या ठिपक्याचा पुढे बिंदू झाला. पंचतत्त्वे, पुरुष-प्रकृती, बीज हे सगळे त्यांनी त्या बिंदूभोवती रंगवले, कॅनव्हासवर देवनागरीत ओळी लिहिल्या. मुसलमान घरात जन्मलेल्या या माणसाला बिंदू परका वाटला नाही. २०१६ साली ते गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना मंडल्याला वडिलांच्या कबरीशेजारी पुरले. सरांचे पाचवे चित्र, तुमच्या मते कोरे असलेले, याच परंपरेत बसते.

परदेशातही चांगल्या चित्रकारांना हीच ओढ होती. रशियन चित्रकार मालेविचने १९१५ साली पेट्रोग्राडच्या (आजच्या सेंट पीटर्सबर्गच्या) प्रदर्शनात पांढऱ्यावर काळा चौकोन लावला तो खोलीच्या कोपऱ्यात, छताजवळ. रशियन घरांत देवाच्या तसबिरी नेमक्या त्याच कोपऱ्यात असतात. अमेरिकेत ह्यूस्टनला १९७१ पासून एक प्रार्थनागृह आहे. त्यात मार्क रॉथको यांचे जवळजवळ काळे असे १४ मोठे कॅनव्हास आहेत, दुसरे काही नाही. सर्व धर्मांची माणसे तिथे बसायला येतात. आपल्या भक्तनिवासाचे सभागृह त्याच जातीची जागा होऊ पाहत होते, ते एका शाळामास्तराने केले होते, आणि गावाला त्याचा अभिमान वाटायला हवा होता.

काही भाविकांना चित्रे कळत नव्हती, हे मी नाकारत नाही. सरांनी कधी पाटी लावू दिली नाही; माणसाने आधी पाहावे असे त्यांचे मत होते. मी त्यांच्याशी यावर सहमत नव्हते आणि आजही नाही. पण पाटी नसण्यावर उपाय पाटी लावणे हा आहे.

तिसरी तक्रार आजच्या आज हाताळण्यासारखी आहे. चित्रे मुदपाकखान्यामागच्या कोठीत आहेत. मी पाहून आले. तैलरंगाची चित्रे एकमेकांवर तोंडाला तोंड लावून ठेवली आहेत, शेजारी तेलाचे डबे आहेत, भिंतीला ओल आहे. पिवळ्या चित्राच्या मागच्या बाजूला घडीच्या टेबलाचा पाय टेकून कॅनव्हासला खोक पडली आहे. पावसाळ्यात अशा अवस्थेत रंग एकमेकांना चिकटतात, बुरशी धरते, लाकूड पिळवटते. मग चित्र सोडवताना रंगाचे पापुद्रे निघून येतात आणि ते कुणालाच पूर्ववत करता येत नाही. याहून वाईट म्हणजे त्यांच्या सागवानी चौकटी काढून फ्लेक्सला वापरायचे सुताराला सांगून ठेवले आहे. एक-दोन उन्हाळ्यांत विटणाऱ्या फ्लेक्ससाठी आयुष्यभर टिकणाऱ्या चित्रांचा आधार काढून घ्यायचा, याचे समर्थन कोणत्या सभेत करता येईल?

कायद्याची गोष्ट मला काढायची नव्हती, पण माहिती असावी. दिल्लीच्या विज्ञान भवनात शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे ब्राँझचे भव्य भित्तिशिल्प होते. १९७९ साली ते काढून गोदामात टाकले गेले, त्यात त्याची मोडतोड झाली. सहगल न्यायालयात गेले, आणि २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेले अवशेष त्यांना परत करण्याचा आणि ५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. कॉपीराइट कायद्याच्या ५७व्या कलमाने कलाकाराला, त्याच्यामागे त्याच्या वारसांना, कृतीच्या मोडतोडीविरुद्ध दाद मागता येते. चित्र भिंतीवर लावलेच पाहिजे असे ते कलम म्हणत नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते. लावावे की नाही हा गावाच्या विवेकाचा प्रश्न आहे आणि मी तिथेच दाद मागते आहे. पण ती नासवण्याचा अधिकार मंडळाला नाही.

माझ्या मागण्या अशा:

चित्रे या आठवड्यातच कोठीतून काढून कोरड्या, हवेशीर खोलीत उभी ठेवावीत. रंगीत बाजू एकमेकींना लागू नये, मधे स्वच्छ सुती कापड असावे. ओल्या फडक्याने कुणी पुसू नयेत. चौकटींना हात लावू नये.

खोक पडलेल्या चित्राची दुरुस्ती जाणकार चित्रसंवर्धकाकडून करून घ्यावी. खर्चाची अडचण असेल तर आम्ही सरांचे विद्यार्थी वर्गणी काढू. पण काम मंडळाच्या पत्रावर आणि मंडळाच्या जबाबदारीवर व्हावे.

पाचही चित्रांची नोंद देवस्थानच्या जंगम मालमत्तेत चित्रकाराच्या नावासह करावी. नोंद आधीच असेल तर ती दाखवावी.

ठराव स्थगित ठेवून गावसभा बोलवावी, आणि त्या दिवशी चित्रे सभागृहात परत लावलेली असावीत. चित्रे न पाहता चित्रांवर मत घेऊ नये. बायकांना सोयीची वेळ ठेवावी, कारण चौकटीची ती कड त्यांनी गुळगुळीत केली आहे.

देवीची मुखवट्यासह छायाचित्रे हवी असतील तर दर्शनबारीच्या भिंतीवर भरपूर जागा आहे. तिथे जरूर लावा. रांगेतल्या माणसाला ती आवडतील.

हिरव्या चित्राबद्दल जे पसरवले गेले त्यावर मंडळाने सूचनाफलकावर दोन ओळी लिहाव्यात: हा देवीच्या ओटीचा रंग आहे आणि मंडळाचा या चित्राला कोणताही आक्षेप नाही. ही मागणी मी सोडणार नाही.

पाट्यांचा मजकूर मी लिहून देते, साध्या मराठीत, प्रत्येकी चार ओळींचा. तुम्ही दुरुस्त्या सुचवा. यात्रेच्या काळात आणि नवरात्रात मी व सरांचे इतर विद्यार्थी सभागृहात थांबून विचारणाऱ्याला चित्रांबद्दल सांगायला तयार आहोत.

या पत्राची एक प्रत सरांच्या घरच्यांना आणि एक ग्रामपंचायतीला देत आहे. उत्तर लेखी द्यावे. पाऊस तोंडावर आला आहे, तेव्हा इतर मागण्यांवर विचार करायला तुम्हाला हवा तेवढा वेळ घ्या, पण पहिली मागणी आज पूर्ण करा. चित्रे हलवायला माणसे कमी पडत असतील तर कळवा. आम्ही येतो.

आपली नम्र,
गावची एक माहेरवाशीण,
चित्रकला शिक्षिका